राजूर म्हणजे नेमके कोणते राजूर? पावसाच्या एका आकड्यामागची ‘चावी’

पर्जन्यमापक बरोबर, आकडा बरोबर, तरी नोंद चुकीची. हे कसे होते? डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस, ‘वाइड रो’ आणि ‘प्रायमरी की’ सोप्या भाषेत.

पावसाच्या आकड्यावर वाद झाला की पहिला संशय पर्जन्यमापकावर जातो. केंद्र झाडाखाली होते का, नळी तुंबली होती का, यंत्र बंद होते का, असे प्रश्न विचारले जातात. ते विचारायलाच हवेत. पण यंत्राने अचूक मोजलेला पाऊससुद्धा चुकीच्या गावाच्या, चुकीच्या दिवसाच्या नावावर जाऊ शकतो किंवा दोनदा मोजला जाऊ शकतो. ही चूक संगणकात, तीही पहिली नोंद पडण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी मानली जाते. पुढचे पंचनामे आणि मदतीचा हिशेब या आकड्याशी जोडलेला असतो. म्हणजे ६४ आणि ६६ यांतला फरक शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतो. म्हणूनच हा आकडा कुठे आणि कोणत्या ‘चावी’ने ठेवला जातो, हा विषय फक्त सॉफ्टवेअर कंपन्यांचा राहत नाही.

राजूर किती आहेत?

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा खोऱ्यातले राजूर आहे. भंडारदऱ्याच्या वाटेवरचे, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचे आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनाचे हे गाव. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात राजुरेश्वर गणपतीचे राजूर आहे. यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यात कोळसा खाणीसाठी ओळखले जाणारे राजूर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा वेगळाच.

तालुक्याचे नाव जोडले तरी गोंधळ संपत नाही. अकोले आणि विदर्भातला अकोला यांत एका मात्रेचा, इंग्रजीत एका अक्षराचा फरक. त्यात २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. माणसाला संदर्भावरून हे सगळे कळते. संगणकाला संदर्भ कळत नाही. त्याला नोंद ओळखण्यासाठी एक निश्चित खूण द्यावी लागते.

प्रायमरी की म्हणजे काय?

टेबलातील प्रत्येक नोंद इतर सर्व नोंदींपासून वेगळी ओळखता यावी, यासाठी ठरवलेली खूण म्हणजे प्रायमरी की. एका खुणेची एकच नोंद, हा तिचा नियम.

राजूरच्या प्रदर्शनात दोन मालकांच्या दोन बैलांची नावे ‘सर्जा’ असू शकतात. लसीकरणाच्या नोंदीत मात्र नाव कामाचे नाही. तिथे जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक लागतो. बैल विकला, मालक बदलला, नाव बदलले, तरी क्रमांक तोच राहतो. चांगल्या चावीचे हेच लक्षण: ती एकमेव असावी आणि बदलू नये.

या प्रश्नाचे देशव्यापी उत्तर एका मराठी माणसाने अर्धशतकापूर्वी शोधले होते. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सारख्या नावांची गावे, अनेक भाषांतले पत्ते आणि चुकीची लेखनपद्धती यांवर तो तोडगा होता. सहा अंकांतला पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून पत्रांची वर्गवारी करणारा टपाल जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय सांगतात. पत्र कोणत्या पोत्यात टाकायचे हे पत्त्यातील नाव न वाचताही ठरते.

मात्र पिन कोड पत्रासाठी आहे, महसुलासाठी नाही. अकोल्याचा पिन ४२२६०१, संगमनेरचा ४२२६०५. पहिले तीन अंक नाशिकचे. पिनच्या पहिल्या तीन अंकांवरून महसुली जिल्हा ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला, तर अहिल्यानगरचे हे दोन्ही तालुके नाशिकमध्ये जाऊन बसतील. एका कामासाठी घडवलेली चावी दुसऱ्या कुलपाला लावली की असे होते.

डेटाबेस ‘वाटलेला’ असतो म्हणजे काय?

माहिती एका सर्व्हरवर मावेनाशी झाली किंवा एक सर्व्हर बंद पडून काम थांबणे परवडेनासे झाले, की ती अनेक सर्व्हरवर वाटून ठेवतात. हा डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस. त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात.

गुगलने २००६ मध्ये ‘बिगटेबल’ आणि अॅमेझॉनने २००७ मध्ये ‘डायनॅमो’ या आपल्या यंत्रणांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. डायनॅमोवर काम केलेले अविनाश लक्ष्मण आणि त्यांचे सहकारी प्रशांत मलिक यांनी पुढे फेसबुकमध्ये ‘कॅसँड्रा’ घडवला. फेसबुकने तो २००८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. आज तो अपाचे फाउंडेशनचा प्रकल्प आहे. या लेखातील तांत्रिक वर्णन मुख्यतः कॅसँड्राच्या पद्धतीचे आहे.

यात प्रायमरी कीचे दोन भाग असतात. पहिला भाग पार्टिशन की. तिच्यावर हॅश नावाचे गणित चालवून एक मोठा आकडा काढतात आणि त्यावरून नोंद कोणत्या नोडवर जाणार हे ठरते. एकच पार्टिशन की असलेल्या सर्व नोंदी एकत्र राहतात. त्यांच्या प्रती सहसा तीन नोडवर ठेवतात, म्हणजे एक बंद पडला तरी काम चालू राहते.

दुसरा भाग क्लस्टरिंग की. एकत्र ठेवलेल्या नोंदींचा आपसातला क्रम ती ठरवते. थोडक्यात, पार्टिशन की म्हणजे कोणत्या कपाटातील कोणते दप्तर, तर क्लस्टरिंग की म्हणजे त्या दप्तरातील पानांचा क्रम.

‘वाइड रो’ कशाला म्हणतात?

नेहमीच्या टेबलात नोंदी एकाखाली एक वाढत जातात. वाइड रो पद्धतीत एका पार्टिशन कीसमोर नोंदींची लांबलचक ओळ तयार होते. जसे, एका हवामान केंद्राच्या नावापुढे त्याची सगळी मोजमापे वेळेच्या क्रमाने. ‘या केंद्रावर काल रात्री ९ ते पहाटे ३ किती पाऊस झाला?’ या प्रश्नाला एकाच नोडवर जाऊन सलग तुकडा वाचला की उत्तर मिळते. म्हणून हवामान, वीज मीटर, बँक खात्याचे व्यवहार, मोबाइलवरील संदेश अशा वेळेनुसार वाढणाऱ्या माहितीसाठी ही पद्धत सोयीची ठरते.

पण ओळ किती लांब होऊ द्यायची, हा यातला कळीचा प्रश्न आहे.

चावी कशी ठरवायची? एक हिशेब

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. अशा दोन हजार केंद्रांसाठी टेबल आखायचे आहे असे समजू. दर १० मिनिटांनी एक नोंद धरली, तर एका केंद्राच्या दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० नोंदी होतात. दोन हजार केंद्रांच्या दिवसाला २ लाख ८८ हजार, वर्षाला सुमारे १० कोटी ५१ लाख.

*पर्याय १ : पार्टिशन की = तारीख.* आजच्या सर्व केंद्रांच्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये. म्हणजे आजचे सगळे लिहिण्याचे काम एका पार्टिशनच्या मोजक्या नोडवर, बाकीचे नोड रिकामे. याला ‘हॉट पार्टिशन’ म्हणतात. बाजाराच्या दिवशी दहा खिडक्या असूनही एकाच खिडकीपुढे रांग लागावी, तसे हे.

*पर्याय २ : पार्टिशन की = केंद्र क्रमांक.* काम नीट वाटले जाते. पण ओळ कायम वाढत राहते. एका पार्टिशनमध्ये साधारण एक लाख नोंदी आणि १०० एमबी यांच्या आत राहावे, असा ढोबळ नियम अभियंते पाळत आले आहेत. वर्षाला ५२,५६० या वेगाने एक लाखाचा टप्पा दोन वर्षांच्या आतच ओलांडला जातो. पार्टिशन फुगले की वाचन आणि देखभाल दोन्ही मंदावतात.

*पर्याय ३ : पार्टिशन की = केंद्र क्रमांक + वर्ष, क्लस्टरिंग की = मोजमापाची वेळ.* प्रत्येक वर्षी नवे दप्तर. त्यात ५२,५६० नोंदी. एका नोंदीला २०० बाइट धरले, तर सुमारे साडेदहा एमबी. दहा वर्षांची तुलना हवी असेल तर दहा दप्तरे उघडायची. याला ‘बकेट’ पाडणे म्हणतात. महिन्याची बकेट केली तर प्रत्येक दप्तर आणखी लहान होईल, पण दहा वर्षांसाठी १२० दप्तरे उघडावी लागतील. या हिशेबात वर्षाची बकेट पुरेशी आहे.

गप्पांच्या ‘डिस्कॉर्ड’ या अॅपनेही हाच मार्ग धरला होता. २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या रचनेत चॅनेलचा क्रमांक आणि १० दिवसांची बकेट मिळून पार्टिशन की होती, तर संदेशाचा क्रमांक क्लस्टरिंग की. १० दिवसच का, तर त्यांच्या संदेशांच्या वेगाने तेवढ्यात पार्टिशन १०० एमबीच्या आत राहत होते. बकेट किती मोठी हवी, हे माहितीच्या वेगावर ठरते.

एक टेबल पुरते का?

नाही. पर्याय ३ मध्ये ‘राजूरचा महिनाभराचा पाऊस’ चटकन मिळतो. पण ‘आज अकोले तालुक्यातील सर्व मंडळांत किती पाऊस?’ असे विचारले तर प्रत्येक केंद्राचे दप्तर वेगळे उघडावे लागेल. त्यासाठी दुसरे टेबल ठेवतात: पार्टिशन की तालुका संकेतांक + दिनांक, क्लस्टरिंग की केंद्र क्रमांक. तीच माहिती दोनदा साठवली जाते.

पारंपरिक डेटाबेस शिकलेल्यांना ही उधळपट्टी वाटते. तिथे आधी माहितीची रचना होते, प्रश्न नंतर विचारले जातात. इथे उलट आहे. आधी कोण, काय विचारणार याची यादी करायची, मग प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नासाठी टेबल आखायचे. जो प्रश्न यादीत नव्हता, त्याचे उत्तर पुढे फार महाग पडते. यादी करताना फक्त मंत्रालयातील अहवालांचा विचार झाला आणि ‘माझ्या मंडळाचा त्या रात्रीचा पाऊस दाखवा’ हा शेतकऱ्याचा प्रश्न राहिला, तर ती उणीव रचनेतच बसते.

पावसासाठी खरेच इतके सर्व्हर लागतात का?

प्रामाणिक उत्तर: या आकाराला नाही. दोन हजार केंद्रांच्या दर १० मिनिटांच्या नोंदी म्हणजे सेकंदाला तीन-चार नोंदी. चांगल्या आखणीच्या एका साध्या सर्व्हरलाही हे झेपते.

वीज मीटरचा हिशेब मात्र वेगळा आहे. दोन कोटी ग्राहकांकडे दर १५ मिनिटांनी वाचन पाठवणारे मीटर धरले, तर दिवसाला १९२ कोटी नोंदी होतात, सेकंदाला २२ हजारांहून जास्त. कॅसँड्रात एका पार्टिशनची कमाल मर्यादा सुमारे २०० कोटी कप्प्यांची आहे. इथे केवळ तारखेला पार्टिशन की केले, तर पहिल्याच दिवशी यंत्रणा त्या मर्यादेला धडकेल. अशा ठिकाणी डेटाबेस वाटण्यावाचून पर्याय नसतो.

म्हणून निविदेत मोठमोठी तांत्रिक नावे आहेत का, यापेक्षा त्यामागचा हिशेब मांडला आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. सर्व्हर एक असो वा शंभर, चावीचे प्रश्न मात्र सुटत नाहीत.

नाव ही चावी का नको?

यातला सर्वात धोकादायक भाग फारसा बोलला जात नाही. नेहमीच्या डेटाबेसमध्ये तीच प्रायमरी की असलेली दुसरी नोंद घालायला गेले, तर यंत्रणा चूक दाखवून थांबते. कॅसँड्रात साधी नोंद घालताना असे होत नाही. नवी नोंद जुन्या नोंदीवर बसते आणि कोणताही इशारा मिळत नाही. आधी तपासून लिहिण्याची सोय आहे, पण ती मंद असल्याने सरसकट वापरली जात नाही.

आता समजा, कुणी ‘गावाचे नाव + वेळ’ अशी चावी ठरवली. अकोल्यातील राजूरला पहाटे तीन वाजता १२ मिमीची नोंद झाली. त्याच वेळेची, शून्य मिमीची नोंद भोकरदनच्या राजूरहून दोन सेकंदांनी आली. टेबलात उरेल ते शून्य. पर्जन्यमापक दोन्हीकडे ठणठणीत, कर्मचाऱ्यांची चूक नाही, स्क्रीनवर लाल अक्षरेही नाहीत. फक्त एक पाऊस नाहीसा झाला.

नाव बदलले तर काय होते? चावीत ‘अहमदनगर’ असेल, तर ते पुसून ‘अहिल्यानगर’ लिहिता येत नाही. नाव बदलले की हॅशचा आकडा पूर्ण बदलतो आणि नोंदीची जागाही. प्रत्येक जुनी नोंद वाचून नव्या चावीने पुन्हा लिहावी लागते आणि जुनी पुसावी लागते. पुसलेली नोंदही लगेच जात नाही. कॅसँड्रा तिथे ‘टोम्बस्टोन’ नावाची खूण ठेवतो, ती किमान दहा दिवस सांभाळली जाते. चावीत संकेतांक असता, तर नावांच्या छोट्या टेबलात एक ओळ बदलून काम झाले असते.

मराठीत आणखी एक खोच आहे. राहाता तालुक्यातील ‘कोऱ्हाळे’ हे नाव घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एका स्वतंत्र अक्षराने, किंवा ‘र’ला खाली नुक्ता जोडून. दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात. पण संगणकातले बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा, म्हणून दप्तर वेगळे. दोन कीबोर्डवर टंकलेले एकच गाव दोन गावे होते. ‘नाव तर बरोबर दिसतंय, मग सिस्टीममध्ये का सापडत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा इथे असते.

उपाय नवा शोधायची गरज नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत जिल्हा, तालुका, गाव यांना संकेतांक दिलेले आहेत. चावी म्हणून ते वापरावेत आणि नावे फक्त दाखवण्यासाठी ठेवावीत.

दिवस कधी सुरू होतो?

हवामान खात्याचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. कॅलेंडरचा दिवस मध्यरात्री बदलतो. संगणक बहुधा जागतिक प्रमाणवेळेने चालतात, त्यांची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. दिवस तीन, आणि आपल्याला हवा तो एकच.

रात्री ९ ते ३ या वेळात ८० मिमी पाऊस झाला असे धरू, निम्मा मध्यरात्रीपूर्वी, निम्मा नंतर. पर्जन्यदिनाने मोजले तर एका दिवसात ८०, म्हणजे ६५ च्या वर. चावीतील तारीख मध्यरात्रीने ठरवली आणि बेरीज त्याच तारखेने केली, तर दोन दिवसांत ४० आणि ४०. दोन्ही मर्यादेखाली. पाऊस तोच, शेत तेच, निकाल उलटा.

म्हणून साठवणीची बकेट आणि नियमातला दिवस यांची गल्लत होता कामा नये. नोंद नेमक्या वेळेसह ठेवावी आणि पर्जन्यदिनाची तारीख वेगळ्या कॉलममध्ये, ठरलेल्या नियमाने लिहावी.

नेटवर्क गेले तर?

घाटघर, रतनवाडीच्या बाजूला पावसाचा जोर आणि मोबाइलची रेंज यांचे फारसे जुळत नाही. केंद्र मोजत राहते, पण नोंदी तासांनी एकदम येतात. कधी पोच मिळाली नाही म्हणून केंद्र तीच नोंद पुन्हा पाठवते.

चावीत ‘सर्व्हरला मिळाल्याची वेळ’ असेल, तर पुन्हा आलेली नोंद नवी ठरते आणि १२ मिमीचे २४ होतात. चावीत ‘मोजल्याची वेळ’ असेल, तर दहा वेळा आलेली नोंदही एकच राहते. इशारा न देता जुन्यावर बसण्याचा जो गुण आधी धोका ठरला, तोच इथे उपयोगी पडतो. साधन तेच असते. चावी योग्य की अयोग्य, यावर ते रक्षण करते की नुकसान, हे ठरते.

आणि आकडा नंतर दुरुस्त केला तर?

यंत्र बिघडले होते असे लक्षात आले, तर आकडा सुधारावा लागतो. त्याच चावीने नवा आकडा लिहिला की जुना दिसेनासा होतो. आधी ७१ होते आणि नंतर ६३ झाले, हे कुणालाच दाखवता येत नाही. दुरुस्ती योग्य असली तरी संशय उरतो.

क्लस्टरिंग कीमध्ये आवृत्ती क्रमांक जोडला, की पहिला आकडा, दुरुस्त आकडा, दुरुस्तीची वेळ आणि कारण सगळे शेजारी राहते. सातबाऱ्यावरचा बदल फेरफाराशिवाय होत नाही आणि फेरफाराला क्रमांक असतो. पावसाच्या आकड्यालाही तेवढी शिस्त मागणे जास्तीचे नाही.

मग सगळ्याला एकच क्रमांक लावावा का?

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. चावी म्हणून आधारची रचना विचारपूर्वक केलेली आहे. १२ पैकी ११ अंक यादृच्छिक, त्यातून जात, गाव, जन्मतारीख काही कळत नाही. शेवटचा अंक तपासणीचा, टंकताना झालेली चूक पकडणारा.

पण चावी चांगली आहे म्हणून ती प्रत्येक कुलपाला लावणे शहाणपणाचे नाही. प्रत्येक टेबलात आधार हीच चावी ठेवली, तर एक टेबल फुटले की बाकीची सहज जोडता येतात. यासाठीच आधार क्रमांक वेगळ्या सुरक्षित जागी ठेवून इतरत्र त्याऐवजी संदर्भ क्रमांक वापरण्याची पद्धत आली. २०१८ मध्ये १६ अंकी तात्पुरत्या व्हर्च्युअल आयडीची सोयही देण्यात आली.

राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. इथेही एका टेबलाने भागत नाही. ‘या शेतकऱ्याचे गट कोणते?’ यासाठी शेतकरी क्रमांक पार्टिशन की. ‘या गटाचे खातेदार कोण?’ यासाठी गाव संकेतांक + गट क्रमांक. सामाईक खात्याच्या डोंगरी शेतात एका गटात अनेक भावंडे असतात. ‘एक गट, एक माणूस’ असे गृहीत धरून चावी ठरवली, तर शेवटी नोंदवलेला भाऊ आधीच्यांना पुसून टाकेल.

आता काय व्हायला हवे?

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पाणलोटातील घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी इथले पावसाचे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात आणि ११,०३९ दशलक्ष घनफुटांचे धरण किती भरले याकडे संगमनेरपासून पुढचा सारा लाभक्षेत्र डोळे लावून असतो. इथे घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकताच पाऊस झपाट्याने कमी होतो. म्हणून घाटघरचा आकडा राजूरला चालत नाही आणि राजूरचा अकोल्याला. या भागात ‘कुठला आकडा’ हा प्रश्न ‘किती आकडा’ याइतकाच मोठा आहे.

सरकारी यंत्रणांकडून चार साध्या गोष्टींची अपेक्षा ठेवता येईल. एक, नाव कधीही चावी नसावे, संकेतांक असावा. दोन, चावीत मोजल्याची वेळ असावी, मिळाल्याची नव्हे, आणि पर्जन्यदिनाचा नियम स्पष्ट लिहिलेला असावा. तीन, दुरुस्त केलेल्या आकड्याशेजारी मूळ आकडा कायम राहावा. चार, आकडे जाहीर करताना केंद्र क्रमांक, वेळ आणि व्याख्या यांचा तक्ताही जाहीर करावा.

यातल्या कशालाही नवे सर्व्हर लागत नाहीत. टेबल आखताना दोन दिवस जास्त द्यावे लागतात आणि त्या बैठकीत अभियंत्यांबरोबर मंडळ अधिकारी, कृषी सहायक आणि एखादा शेतकरी बसवावा लागतो. कारण चावी एकदा ठरली, कोट्यवधी नोंदी त्यावर साचल्या, की ती बदलणे म्हणजे सगळी दप्तरे नव्याने लिहिणे.

खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला ‘सिस्टीममध्ये तुमच्या गावाचा पाऊस दिसत नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा तो आभाळाकडे बघतो. पाऊस तर पडला होता. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी सिस्टीमची नाही. चावी ठरवणाऱ्यांची आहे.